पटावर नसलेली नात

माझ्या नातीची नोंद कोणत्या रकान्यात करायची, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. माझी सगळी नोकरी काटोल-नरखेड भागातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत गेली. हजेरीपट, दाखल-खारीज रजिस्टर, पोषण आहाराची वही, शेवटी शेवटी ते ‘सरल’ पोर्टल. मूल दिसलं की मला आधी ओळ दिसते: अनुक्रमांक, नाव, आईचं नाव, जन्मतारीख, मागची शाळा. मनूच्या ओळीत मागची शाळा नाही आणि आत्ताचीही नाही. पोरगी आठ वर्षांची आहे, नागपूरच्या त्रिमूर्तीनगरात आमच्याच घरात राहते, वाचते, लिहिते, हातचे घेऊन वजाबाकी करते, आणि कुठल्याच शाळेच्या पटावर नाही.

४ जुलै २०१५ ला राज्यभर एकाच दिवशी शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण झालं होतं. आम्ही सगळे शिक्षक पिशवीत तक्ते आणि शाईची बाटली घेऊन निघालो होतो. वस्त्या, वीटभट्ट्या, बसस्टँड, बाजार. मोजलेलं मूल पुन्हा मोजलं जाऊ नये म्हणून मतदानासारखी बोटाला शाई लावायची. शाळेत नाव आहे पण महिनाभर सलग आलं नाही, असं मूलही शाळाबाह्यच धरायचं होतं. त्या हिशेबानं माझी नात पक्की शाळाबाह्य. उद्या पुन्हा असं सर्वेक्षण निघालं आणि एखादी तरुण मॅडम घामाघूम होऊन आमच्या फाटकाशी उभी राहिली, तर तिला पाणी द्यायचं एवढंच मला ठाऊक आहे. पुढचं काय बोलायचं ते नाही.

हा निर्णय मुला-सुनेचा. त्यांनी तो मला सांगितला, विचारला नव्हता. मुलगा घरून काम करतो. सुनेनं नोकरी सोडली. दोघांनी बरंच वाचलं, पुण्याकडच्या काही कुटुंबांशी बोलले, ‘स्वशिक्षण’ नावाची अशा पालकांची संघटना आहे तिच्या लोकांना भेटले. ‘आई, शाळेवर राग नाही आमचा,’ मुलगा म्हणाला, ‘तिला तिच्या गतीनं शिकू द्यायचंय.’ मला मनात हसू आलं. एका खोलीत चार इयत्ता घेऊन बसायचे मी. पहिलीला चिंचोके, दुसरीला पाढे, तिसरीला उतारा, चौथीला फळ्यावरची गणितं. प्रत्येकाची गती वेगळीच असायची. नाइलाजानं का होईना, असायची.

विदर्भात शाळा उशिरा उघडतात. बाकी महाराष्ट्रात पोरं जूनच्या मध्यावर वर्गात बसतात, आमच्याकडे उन्हामुळे जून संपायला येतो. त्या सकाळी गल्लीत ऑटो आणि व्हॅनची रांग लागली, नव्या दप्तरांचा वास, कुणाची तरी रडारड. आमच्या फाटकात मनू फ्रॉकवर उभी. समोरच्या वहिनी म्हणाल्या, ‘काय जी म्याडम, पोट्टीची अ‍ॅडमिशन नाही झाली का?’ मी म्हटलं, ‘घरीच शिकून राहिली ती.’ त्या क्षणभर थांबल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, ‘तब्येत बरी आहे ना तिची?’

बरं, घरी शिकवायचं तर मी आहेच, असं मला वाटलं होतं. उभा जन्म तेच केलं. पहिल्या सकाळी इस्त्रीची साडी नेसले, जेवणाच्या टेबलाशी बसले, मनूला समोर बसवलं आणि सवयीनं म्हणून गेले, ‘चला मुलांनो, वह्या काढा.’ मनूनं मागे वळून पाहिलं. मग विचारलं, ‘आजी, अजून कोण येणार आहे?’ थोड्या वेळानं तिचा दुसरा प्रश्न आला, ‘तू एवढी ओरडून काहून राहिली?’ पत्र्याच्या छपरावर पाऊस पडत असतानाही मागच्या बाकापर्यंत पोचेल असा आवाज माझा. टेबलाच्या पलीकडे बसलेल्या एका पोरीसाठी तो जरा जास्तच होता.

एक मूल शिकवायला किती अवघड असतं, हे चाळीस मुलं शिकवणाऱ्याला कळणार नाही. माझी सगळी हत्यारं गर्दीची. एकानं म्हणायचं, बाकीच्यांनी मागून म्हणायचं. हुशार पोराला कच्च्या पोराशेजारी बसवायचं. कुणी चुकलं की तोच धडा सगळ्यांसाठी पुन्हा. इथे मागून म्हणायला कुणी नाही, शेजारी बसवायला कुणी नाही, आणि उत्तर आलं की धडा संपला. तासाचं काम पंधरा-वीस मिनिटांत उरकायचं आणि मी घड्याळाकडे बघत बसायची. उलट कधी एकच गोष्ट संपता संपायची नाही. खिडकीबाहेर एसीच्या यंत्रावर कबुतरानं अंडी घातली. मनू कालनिर्णयवर रोज एक टिंब देऊ लागली. अंडं कोण उबवतं, नर की मादी, दोघं आळीपाळीनं बसतात तर बदली कधी होते, हे टिपायला तिनं एक जुनी डायरी घेतली. दुपारी एक जण येतो, संध्याकाळी दुसरी येते, हे तिनं स्वतः शोधलं. अठराव्या टिंबाला पिल्लू बाहेर आलं. मी सुनेला विचारलं, ‘हे परिसर अभ्यासात धरायचं की गणितात?’ ती म्हणाली, ‘आई, दोन्हीत धरा, नाहीतर कशातच धरू नका.’ मला ते उत्तर आवडलं नाही. नोंद कुठे करायची ते सांगायला नको का?

मग मी मला जमतं ते केलं. कायदा काढून बसले. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ चा, लागू १ एप्रिल २०१० पासून, वय सहा ते चौदा. आमच्या प्रशिक्षणांमध्ये त्याची इतकी पारायणं झाली होती की कलमं तोंडपाठ आहेत. कलम १० म्हणतं, मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे आईबापाचं कर्तव्य. पण न घालणाऱ्या पालकाला शिक्षा या कायद्यात कुठेच नाही. घरी शिकणाऱ्या एका मुलीनं दिल्ली उच्च न्यायालयात याचिका केली तेव्हा सरकारनं आधी सांगितलं की हरकत नाही, आणि नंतर ते म्हणणं मागे घेतलं. म्हणजे माझी नात ना आत, ना बाहेर. अमेरिकेत सगळ्या राज्यांत घरी शिकवता येतं, जर्मनीत शाळेत जाणं सक्तीचंच आहे. आपल्याकडे फाटक लोटलेलं आहे आणि कडी घातलेली नाही.

पुढच्या परीक्षांचं मात्र स्पष्ट आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, १९८९ पासून आहे. चौदा वर्षं पूर्ण झाली की तिथून दहावी देता येते, आणि त्याआधी तिसरी, पाचवी, आठवीच्या तोडीच्या पातळ्या आहेत. आपल्या राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म सगळ्यांना माहीत असतो. शाळेत न जाणारे तो भरून खासगी विद्यार्थी म्हणून दहावी-बारावीला बसतात. सुनेच्या मोबाईलवर मालविका जोशीची बातमी येत असते. मुंबईची मुलगी, सातवीच्या सुमाराला शाळा सोडली, संगणकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तीन पदकं मिळवली आणि २०१६ मध्ये अमेरिकेत एमआयटीत गेली. बारावीचं प्रमाणपत्र नव्हतं म्हणून आपल्या आयआयटीचं दार तिला बंद होतं. बातमी खरी आहे, मुलगी हुशार आहे, पण अशा एका उदाहरणावर कुठलंही घर चालत नाही. शाळेत जाणारं प्रत्येक पोर जसं कलेक्टर होत नाही, तसंच हे.

आणि एक गोष्ट बोलून टाकते. या पद्धतीला घरशिक्षण म्हणतात खरं, पण घरात शिकवतं कोण ते आधी विचारावं. बहुतेक ठिकाणी आई. नोकरी सुटते तीही आईचीच. आमच्याकडे मुलगा रात्री गणित घेतो आणि रविवारी भाजीबाजारात नेतो, ते बरं आहे. तरी पगार बंद झाला तो सुनेचा, याचा हिशेब कुठल्याही सुंदर कल्पनेत मांडलेला मी पाहिला नाही.

महिन्यातून एखाद्या वेळी अशी कुटुंबं एकत्र जमतात. मलाही नेलं. सेमिनरी हिल्सवर जपानी गार्डनमध्ये सतरंज्या टाकल्या होत्या, पोहे होते, मुलं झाडांवर. एक तरुण बाप हातवारे करून सांगत होता की शाळा म्हणजे हुकूम पाळणारे नोकरदार तयार करायचा कारखाना, तिथे मुलाची जिज्ञासा मारतात. मी माझ्या प्लेटीतले पोहे संपवले. मग म्हटलं, ‘बाळ, त्या कारखान्यात मी आयुष्य काढलं.’

तो ओशाळला, पण मी थांबले नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत माझ्या वर्गात पटावर पंचवीस आणि समोर नऊ पोरं असायची, हे मी सांगितलं. घरी राहिलेल्या पोरींच्या हाती धाकटी भावंडं आणि शेळ्या असायच्या. जिज्ञासा मारायला तिथे शाळेची गरज नव्हती. दुपारची खिचडी हे कित्येकांचं दिवसातलं धड जेवण. मार्च २०२० मध्ये शाळांना कुलूप लागलं, ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ अशी मोहीम निघाली. ज्यांच्या घरी मोबाईल होता त्यांच्यासाठी शिक्षण होतं. बाकीच्यांपैकी काही पोरं संत्र्याच्या बागेत कामाला लागली, आठवीतल्या एका पोरीचं लग्न लागलं. घरी राहणं म्हणजे काय, हे मी त्या दीड-दोन वर्षांत पाहिलं आहे. त्यामुळे ‘मूल घरी शिकतं’ असं कुणी म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे सतरंजी आणि पोहे येत नाहीत.

परत निघताना तो बाप माझी चप्पल शोधून देत होता. म्हणाला, ‘काकू, माझा मुलगा बोलताना अडखळतो. वर्गात वाचायला उभा राहिला की पोरं त्याची नक्कल करायची. रोज सकाळी त्याला उलटी व्हायची. म्हणून काढलं.’ कारखाना वगैरे त्यानं कुठेतरी वाचलेलं होतं. कारण हे होतं. ते त्यानं सतरंजीवर सगळ्यांसमोर सांगितलं नाही, चपलांपाशी सांगितलं.

तेव्हापासून मी प्रत्येकाचं चपलांपाशी सांगायचं कारण कोणतं असेल ते शोधत असते.

माझी मुलगी मनीषनगरला राहते. दोघं नवरा-बायको नोकरीला, परतायला रात्रीचे आठ. त्यांचा मुलगा सीबीएसईच्या शाळेत पाचवीत. तान्ह्या पोळ्याला सगळे आमच्याकडे जमलो होतो. तान्हा पोळा म्हणजे आम्हा नागपूरकरांचा लाकडी बैलांचा सण. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं सजवलेले बैल घेऊन मिरवतात, घरोघरी बोजारा मागतात. मनूनं बैलाची झूल स्वतः शिवली होती, नातवाच्या बैलाला बाजारातली. सून सहज म्हणाली, ‘त्याला कुठला वेळ मिळतो बिचाऱ्याला, होमवर्क, ट्यूशन...’ झालं. मुलगी भडकली. ‘बिचारा काहून वहिनी? त्याची फुटबॉलची टीम आहे, मित्र आहेत. तुम्हाला वाटतं आम्ही पोराला कोंडवाड्यात टाकून नोकऱ्या करून राहिलो!’ मग तिनंही चार बाण सोडले. शिस्त लागत नाही, जगात वावरायचं कसं, उद्या स्पर्धा परीक्षेत काय करणार. नातू आणि मनू या वेळी बोजाऱ्याचे पैसे वाटून घेत होते आणि मनूच्या हिशेबात तिला पाच रुपये जास्त येत होते, त्यावरून त्यांचं खरं भांडण चाललं होतं.

रात्री भांडी आवरताना मुलगी मला म्हणाली, ‘आई, मला घरी बसणं परवडत नाही, आणि परवडलं असतं तरी मी बसले नसते. मला माझं काम आवडतं. हे मी वहिनीला कसं सांगू? ती म्हणेल, मुलापेक्षा काम मोठं.’ सून असं म्हणाली नसती, याची मला खात्री आहे. पण विचारलं कुणीच नाही. एकीला वाटतं, शाळेत घालणारे आपल्याला वेडे समजतात. दुसरीला वाटतं, घरी शिकवणारे आपल्याला निष्काळजी समजतात. दोघीही आपापल्या पोराचा कैवार घेऊन बोलत असतात, आणि पोराला त्यातलं काही ऐकूही येत नाही.

मग एक दिवस इंदोऱ्याला गेले. तिथे माझी जुनी सहकारी राहते. एकाच शाळेत आम्ही बरीच वर्षं काढली. मनूचं ऐकून तिनं मला दोष दिला नाही, चहा दिला आणि शांतपणे म्हणाली, ‘ताई, तुमच्या घरात पाच पिढ्यांची पाटी आहे. तुमची पोरगी घरी राहिली तर लोक म्हणतील हौस आहे. माझा नातू घरी राहिला तर म्हणतील, सोडली शाळा.’

याला मी काय उत्तर देणार? तिच्या घरात जाईबाई चौधरींचं नाव आजीच्या नावासारखं घेतात. जाईबाईंनी नागपूर स्टेशनवर ओझी वाहिली, शिकल्या, मिशनच्या शाळेत शिक्षिका झाल्या. अस्पृश्य बाई शिकवते म्हणून सवर्ण पालकांनी ओरड केली आणि ती नोकरी गेली. १९२२ मध्ये त्यांनी नागपुरात चोखामेळा कन्या शाळा काढली. ज्या दारातून हाकललं, तसंच दार स्वतः बांधलं. त्या दाराकडे पाठ फिरवा असं त्यांच्या वस्तीत कोण कुणाला सांगेल? शिवाय कागद आहेतच. जातीचा दाखला काढायला गेलं की पहिल्यांदा शाळा सोडल्याचा दाखला मागतात. पडताळणीला वाडवडिलांच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा लागतो, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा द्यावा लागतो. पणजोबा एकच वर्ष शाळेत गेला असेल, पण रजिस्टरातल्या त्या एका ओळीवर पणतवाची मेडिकलची सीट उभी असते. असे उतारे मी स्वतः हातानं लिहून दिले आहेत. शाळेतली ओळ म्हणजे काय, ते आमच्या सुनेच्या पुस्तकांत लिहिलेलं नाही.

सुनेला हे सांगितलं. तिनं मन लावून ऐकलं आणि मग म्हणाली, ‘पण आई, पंडिता रमाबाई कुठल्या शाळेत गेल्या होत्या?’ तेही खरंच. अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, गंगामूळच्या रानात राहिले, लक्ष्मीबाईंनी ते मुलीला दिलं. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी तिला ‘पंडिता’ म्हटलं तेव्हा तिनं शाळेची पायरी चढलेली नव्हती. बायकांना शिकवणारी शाळाच जिथे दुर्मीळ, तिथे घर हीच शाळा. मी म्हटलं, ‘आणि त्याच रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत काय काढलं? शारदा सदन. म्हणजे शाळाच ना?’ आम्ही दोघी हसलो. तो दिवस चांगला गेला.

सेवाग्राम आमच्यापासून दोन तासांवर. मनूला घेऊन गेलो होतो. ती बापूकुटीच्या कौलांखाली चिमण्या मोजत होती आणि मी गांधींच्या मुलांचा विचार करत होते. दक्षिण आफ्रिकेत त्यांनी मुलांना शाळेत घातलं नाही. गोऱ्यांच्या शाळेत अपवाद म्हणून प्रवेश मिळाला असता, पण इतर हिंदी मुलांना जे मिळत नाही ते आपल्या मुलांनी घ्यायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. घरीच शिकवलं, जमेल तसं. कामांच्या धबडग्यात वेळ अपुरा पडला. आपल्या शिक्षणात उणीव राहिली ही मुलांची तक्रार त्यांनी आत्मकथेत स्वतः नोंदवली आहे, आणि आपला निर्णय बरोबरच होता असंही लिहिलं आहे. थोरला हरिलाल १९११ मध्ये घर सोडून हिंदुस्थानात आला, अहमदाबादला मॅट्रिकसाठी शाळेत बसला, नापास झाला. बाप-लेकात पडलेली दरी कधी बुजली नाही. माझ्या मते गांधींची चूक घरी शिकवण्यात नव्हती. पोरगा वर्षानुवर्षं शाळा मागत होता आणि ते तत्त्व सांगत राहिले, तिथे चूक होती.

याच गांधींनी ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला, आज नवभारत विद्यालय म्हणतात त्या मारवाडी विद्यालयात, देशभरच्या शिक्षणवाल्यांची परिषद घेतली, झाकीर हुसेन यांच्या समितीवर आराखड्याचं काम सोपवलं आणि नई तालीम उभी केली. कताई, शेती, हातकाम, त्यातून अक्षर आणि गणित. पण शाळेत, गावातली सगळी पोरं एकत्र बसवून. सेवाग्रामच्या आवारात आनंद निकेतन आजही चालतं. मनूनं तिथल्या मुलांना वाफ्यात काम करताना पाहिलं आणि विचारलं, ‘ही शाळा आहे की घर?’ सुनेनं माझ्याकडे पाहिलं, मी मुलाकडे, आणि मुलानं गाडीची किल्ली काढली.

खरा पेच अजब बंगल्यात झाला. हे आमचं मध्यवर्ती संग्रहालय, १८६३ चं. मनू पेंढा भरलेल्या प्राण्यांच्या दालनात एका पक्ष्यासमोर फतकल मारून चित्र काढत होती. तेवढ्यात एका शाळेची सहल आली. रांग, पुढे एक मॅडम, मागे एक सर, ‘हात लावू नका, पुढे चला.’ कितीही घाई असली तरी रांग मोजून घेणारी ती मॅडम मला ओळखीची वाटली. मीच होते ती. रांगेतला एक पोरगा मनूपाशी रेंगाळला. चित्र बघितलं, ‘भारी आहे’ म्हणाला. मग चौकशी.

‘कोणत्या शाळेत आहे तू?’

‘मी घरी शिकते.’

त्याला त्याचं काही विशेष वाटलं नाही. त्याचा दुसरा प्रश्न होता, ‘मग डबा कोणासोबत खाते?’

मनूनं थोडा विचार करून सांगितलं, ‘आजीसोबत.’ पोरगा माझ्याकडे बघून हसला आणि ‘ए चल बे’ अशी हाक आली तसा पळाला. समाजात मिसळणं, स्पर्धा, शिस्त, प्रमाणपत्र असे प्रश्न आम्ही मोठी माणसं वर्षभर एकमेकांच्या अंगावर टाकत होतो. हा प्रश्न कुणालाच सुचला नव्हता. घरी येऊन मनूनं तीनदा विचारलं की डब्याच्या सुट्टीत नक्की काय करतात. मी सांगितलं: भाजी बदलतात, भांडतात, पाणी सांडतात, उरलेल्या पाच मिनिटांत पळापळी. तिला पळापळीचे नियम हवे होते.

सून रात्रभर अस्वस्थ होती. सकाळी तिनं आणि मुलानं मनूला समोर बसवून विचारलं, शाळेत जायचंय का? मनू म्हणाली, ‘डब्याच्या सुट्टीपुरती चालेल का?’ तसं चालत नाही, हे तिला सांगावं लागलं. मग ती म्हणाली, सांगते विचार करून. सध्या विचार चालू आहे. दर शनिवारी गल्लीतली पोरं आमच्या गच्चीवर डबे घेऊन येतात, ही सोय समोरच्या वहिनींनी केली, ज्यांनी तब्येतीची चौकशी केली होती. त्यांचं मत बदललेलं नाही. ‘पोट्टी शाळेतच पायजे,’ असं त्या अजूनही म्हणतात आणि मनूला त्यांच्या हातचा शिरा लागतो.

माझ्यापुरतं मी काम शोधलं आहे. मी मनूची फाईल ठेवते. जन्माचा दाखला, आधार, लसीकरणाचं कार्ड, महिन्याला एक पान: काय वाचलं, काय केलं, कुठे गेली. कबुतराची डायरी त्यात आहे, अजब बंगल्यातलं चित्रही. सून म्हणते याची गरज नाही. मी म्हणते, राहू दे. घरी शिकवणाऱ्या पालकांना माझं तेवढंच सांगणं आहे: तत्त्व तुमचं असेल, कागद पोराचे आहेत, ते जपा. आणि पोरानं शाळा मागितली तर ते आपला पराभव समजू नका. शाळेत घालणाऱ्यांना सांगणं याहून लहान आहे. लग्नात, बारशात अशी मुलं भेटली की ‘कोणत्या शाळेत?’ एवढं विचारून पाढ्यांची परीक्षा घेऊ नका. ‘सध्या काय करून राहिली?’ असं विचारलं तर माझ्या नातवालाही सांगता येतं आणि नातीलाही.

शेवटचं, माझ्या नोकरीतल्या भावाबहिणींना. आज ना उद्या असं एखादं मूल आईबापाचा हात धरून तुमच्या कार्यालयात येईल. मागची शाळा नाही, टीसी नाही. ‘इतकी वर्षं काय केलं?’ असं त्याच्यासमोर विचारू नका. शिक्षण हक्क कायद्याचं कलम ४ तुम्हाला पाठ आहे: कधीच शाळेत न गेलेल्या मुलालाही त्याच्या वयाच्या वर्गात बसवायचं, आणि मागे पडत असेल तर खास शिकवणी द्यायची, हा त्याचा हक्क आहे. कलम १४ सांगतं, वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारायचा नाही. रजिस्टर उघडा, नाव लिहा, ‘मागील शाळा’ या रकान्यात आडवी रेघ ओढा आणि मुलाला वर्ग दाखवा.